सहाबारी कोणाच्या खिशात?

अमेरिकेत रोज अंगावर लपवून बाळगण्यासाठी छोटे रिव्हॉल्व्हर घ्यायला दुकानात गेलेल्या माणसापुढे येणारे प्रश्न ठरलेले असतात. नळी किती आखूड? वजन किती? घोडा बाहेर दिसणारा की झाकलेला? पाच काडतुसांचे की सहा? हे प्रश्न शंभर-दीडशे वर्षे तेच आहेत आणि प्रत्येकामागे एकेक गोष्ट आहे. पण या सगळ्यांच्या आधी आणखी एक प्रश्न असतो, आणि तो दुकानदाराऐवजी कायदा विचारतो : घेणारा कोण? हत्यारांच्या इतिहासावर लिहिणारे पहिल्या प्रश्नांवर पानेच्या पाने लिहितात आणि शेवटचा दोन ओळींत उरकतात. मला तो शेवटचा जास्त महत्त्वाचा वाटतो. मात्र तो समजायला आधी वस्तू समजली पाहिजे.

दोन भाषा शिकवतो म्हणून एक शब्दांची गोष्ट सांगून टाकतो. रिव्हॉल्व्हरला मराठीत जुना, नेमका शब्द आहे, सहाबारी. उर्दूतला तमंचा तुर्कीतून फारसीमार्गे आला. ज्याला मराठी माणूस चाप म्हणतो त्याला उर्दूत लबलबी म्हणतात. घोडा मात्र दोन्हीकडे घोडाच. काडतुसाच्या बुडावर आपटणारा तो लोखंडी तुकडा. खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा निम्मा इतिहास या घोड्याभोवतीच फिरतो.

सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये फिरत्या चक्रीच्या हत्याराचे अमेरिकन पेटंट घेतले. त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षे, खिशात मावणारे हत्यार बहुधा एकबारी असे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरचे पिस्तूल तळहाताएवढे असायचे. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकनवर झाडले गेले ते हेच. एकच बार होता, म्हणून बूथने पुढच्या झटापटीत सुरा काढला. कोल्टचे १८४९ चे 'पॉकेट' मॉडेल कॅलिफोर्नियाला सोने शोधायला निघालेल्यांच्या काळात इतके खपले की अखेर तीन लाखांच्या वर तयार झाले. पण त्यात दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी भरावी लागे. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने धातूच्या तयार काडतुसाचे सातबारी रिव्हॉल्व्हर आणले आणि ती कटकट संपली. गोळी इतकी बारीक की मार्क ट्वेनने आपल्या त्या हत्याराची मनसोक्त चेष्टा केली आहे. मोठ्या माणसाला त्या सातही गोळ्यांचा डोस लागेल, असा त्याच्या म्हणण्याचा रोख.

मग १८७२ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या वेब्लीने 'ब्रिटिश बुलडॉग' काढले. अडीच इंचाची नळी, पाच बार आणि मोठी गोळी. कोटाच्या खिशासाठीच बनवलेले. त्याच्या नकला युरोप-अमेरिकेत सगळीकडे निघाल्या. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गिटोने झाडले ते असेच बुलडॉग. वीस वर्षांनी, ६ सप्टेंबर १९०१ रोजी, बफेलोच्या प्रदर्शनात लोकांशी हस्तांदोलन करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींपर्यंत एक तरुण हातात रुमाल गुंडाळून पोहोचला. रुमालात पॉइंट ३२ चे आयव्हर जॉन्सन रिव्हॉल्व्हर होते. भ्यालेल्या माणसाला जे गुण हवे असतात, लहान, हलके, न दिसणारे, नेमके तेच दबा धरून बसलेल्यालाही हवे असतात. कारखान्याला या दोघांत फरक करता येत नाही.

घोड्याचा प्रश्न स्मिथ अँड वेसनने १८८७ मध्ये सोडवला. घाईत खिशातून काढताना घोड्याचे टोक अस्तरात अडकते, म्हणून त्यांनी तो आत झाकून टाकला. आणि मुठीत आवळल्याशिवाय बार उडू नये म्हणून मुठीच्या मागे एक पट्टी बसवली. लोक त्याला 'लिंबू पिळणारे' म्हणू लागले. सुरक्षिततेची जाहिरात करण्याचे युग मग सुरू झाले. मॅकिन्लींना ज्या कंपनीच्या हत्याराने मारले त्याच आयव्हर जॉन्सनची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक जाहिरात आहे : रात्रीच्या झग्यातली लहान मुलगी पलंगावर बसली आहे, बाहुली शेजारी आहे आणि खेळायला हातात रिव्हॉल्व्हर आहे. घरच्यांनी सांगितले आहे की त्याने काही इजा होत नाही, असा मजकूर. मी ते चित्र प्रथम पाहिले तेव्हा कोणीतरी थट्टेने केले असावे असे वाटले. थट्टा नव्हती.

आता कायद्याकडे. अमेरिका म्हणजे पहिल्यापासून ज्याने त्याने कमरेला हत्यार लटकवायचा देश, अशी आपली सिनेमातून झालेली समजूत आहे. हत्यार लपवून बाळगण्यावर पहिली बंदी केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच घातली होती. त्या काळची नीती अशी की मर्द उघड बाळगतो आणि लपवतो तो दगाबाज. यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली, आणि मग या नीतीला दुसराच रंग चढला. १८७९ मध्ये टेनेसी राज्याने लहान पिस्तुलांच्या विक्रीवर बंदी घातली. सूट फक्त 'आर्मी' आणि 'नेव्ही' नमुन्यांच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरना. कायद्यात काळा-गोरा असा शब्दही नाही. पण ती मोठी रिव्हॉल्व्हर महाग होती, आणि दक्षिणेच्या फौजेतून परतलेल्या पुष्कळ गोऱ्यांच्या घरात ती आधीच होती. नुकत्याच सुटलेल्या गुलामाला परवडेल असे काही असेल तर ते स्वस्त, छोटे. बंदी बरोबर त्याच्यावर आली.

या तारखेपाशी मी थांबतो, कारण तिच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदुस्थानात शस्त्र कायदा आणला. इथे तर आडपडदाही नव्हता. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनांना आणि अँग्लो-इंडियनांना सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव झाले, आणि अहिंसेचे नाव ज्यांच्याशी जोडलेले आहे त्या गांधींनीही साऱ्या राष्ट्राला नि:शस्त्र करणे हे इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत मोजले. टेनेसीच्या आमदारांना कलकत्त्यात काय चालले आहे याचा पत्ताही नसेल. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्या खिशाची भीती दोन्हीकडे सारखीच होती.

फ्लोरिडाने १८९३ मध्ये परवान्याचा कायदा केला. अर्धशतकाने, १९४१ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निकालात साफ लिहिले की हा कायदा लाकूड आणि टर्पेंटाइनच्या तळांवरच्या काळ्या मजुरांची हत्यारे काढून घेण्यासाठी होता, गोऱ्यांना तो लावायचा हेतू कधीच नव्हता आणि प्रत्यक्षात लावलाही गेला नाही. असा कबुलीजबाब कोर्टाच्या कागदावर क्वचितच सापडतो. न्यूयॉर्कने १९११ मध्ये सुलिव्हन कायदा केला : खिशात मावणाऱ्या हत्याराला परवाना हवाच. तिथे रोख बराचसा इटलीहून आलेल्या स्थलांतरितांवर होता.

रिव्हॉल्व्हर दरम्यान आणखी लहान होत गेले. १९२७ मध्ये कोल्टने 'डिटेक्टिव्ह स्पेशल' काढले. दोन इंचाची नळी, पॉइंट ३८ ची सहा काडतुसे. नावाप्रमाणे ते साध्या कपड्यांतल्या पोलिसांसाठी होते. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने एक काडतूस कमी केले, चक्री बारीक केली आणि नवे मॉडेल पोलीस प्रमुखांच्या परिषदेत मांडले. तिथेच मतदान घेऊन नाव ठरले, 'चीफ्स स्पेशल'. आजही अमेरिकेतल्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा साचा हाच आहे. पाच की सहा या वादाचा उगम या दोन नमुन्यांत आहे : सहावे काडतूस म्हणजे जाड चक्री, आणि जाड चक्री म्हणजे खिशाबाहेर दिसणारा फुगवटा.

पुढे ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची मॉडेले आली, आपल्या काळात प्लॅस्टिकची. रुगर कंपनीचे २००९ चे एक मॉडेल ४०० ग्रॅमपेक्षाही हलके आहे. पण या हलकेपणाची किंमत हाताला मोजावी लागते. हत्यार जितके हलके तितका धक्का जोरात. नळी आखूड असली की नेम धरायच्या दोन खुणा जवळ येतात, आणि हाताची बारीकशी थरथरही गोळी भलतीकडे नेते. चापही लांब आणि जड. थोडक्यात, दुकानात नवशिक्याला जे सर्वांत सोपे म्हणून दाखवतात ते चालवायला सर्वांत अवघड असते. जाणकार अमेरिकन लेखकही हे कबूल करतात. तरी विक्री होते, कारण बहुतेकांना ते चालवायचे नसते, जवळ आहे एवढेच हवे असते. १९६३ मध्ये डॅलस पोलिसांच्या तळघरात जॅक रूबीने ओस्वाल्डला मारले ते अशाच हलक्या कोल्ट 'कोब्रा'ने.

३० जानेवारी १९५६. माँटगोमेरीत बसवरचा बहिष्कार चालू होता. मार्टिन ल्यूथर किंग सभेला गेले असताना त्यांच्या घरावर बाँब पडला. आत पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी होती. दोघी वाचल्या. त्यानंतर किंग यांनी हत्यार जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अलाबामाच्या कायद्यात अर्जदार 'योग्य व्यक्ती' असावा अशी अट होती आणि योग्य कोण हे अधिकाऱ्याने ठरवायचे. अर्ज फेटाळला गेला. घरावर बाँब पडलेल्या धर्मगुरूपेक्षा जिवाला जास्त धोका कोणाच्या होता? 'योग्य' या शब्दाचा अर्थ अर्जावरचे नाव वाचून कसा बदलतो, हे आपल्या वाचकांना उलगडून सांगायला नको.

त्या दिवसांत किंग यांच्या घरी हत्यारे होती. मदतीला आलेले बायर्ड रस्टिन आणि एक पत्रकार घरात गेले, तेव्हा पत्रकार बसायला निघाला त्या खुर्चीतच पिस्तूल पडलेले होते. रस्टिननी ओरडून त्याला थांबवले. गांधीविचार नीट जाणणाऱ्या रस्टिनशी आणि इतरांशी झालेल्या चर्चांनंतर, आणि स्वतःच्या मनाशी बराच झगडा करून, किंग यांनी घरातले हत्यार काढून टाकले. यावर त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्यांनी परवाना मागितला होता हे त्यांचे भक्त सहसा सांगत नाहीत, आणि त्यांनी हत्यार सोडले हे बंदूकवाले सांगत नाहीत.

१९६८ मध्ये किंग आणि रॉबर्ट केनेडी दोघे मारले गेले. त्या वर्षीच्या कायद्याने स्वस्त, लहान परदेशी हत्यारांची आयात रोखली. म्हणजे पुन्हा गरिबाला परवडणारी वस्तूच. १९८७ नंतर फ्लोरिडाच्या वाटेने एकेका राज्याने अधिकाऱ्याची मर्जी काढून टाकली : अटी पुऱ्या केल्या की परवाना द्यायचाच. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची १९१३ पासून चालत आलेली 'सबळ कारण दाखवा' ही अट रद्द केली. त्या खटल्यात न्यूयॉर्कच्या गरीब आरोपींचे मोफत खटले लढवणारे वकीलही या अटीविरुद्ध उभे राहिले होते. तुरुंगात जाणारे त्यांचे अशील बहुतेक काळे आणि लॅटिनो होते. मला त्यांचे म्हणणे पटते, आणि तरीही हा निकाल वाचून आनंद झाला नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. हाताशी असलेले हत्यार चोराची वाट पाहत बसत नाही.

आपल्याकडे १८७८ चा कायदा १९५९ च्या कायद्याने गेला. वंशाची सूट संपली, अधिकाऱ्याची मर्जी राहिली. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने 'निर्भीक' नावाचे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. टायटॅनियमचे, वजन ५०० ग्रॅम. दिल्लीच्या २०१२ च्या अत्याचारानंतर स्त्रियांसाठी, पर्समध्ये मावेल असे म्हणून त्याचा गाजावाजा झाला, आणि दागिन्यांच्या डबीसारखी पेटीही सोबत दिली. किंमत १,२२,३६० रुपये. रात्रपाळी संपवून बसची वाट पाहणाऱ्या कोणत्या मुलीच्या पर्समध्ये एवढे पैसे असतात, हे कारखान्याने सांगितले नाही. परवान्याचा अर्ज नेहमीसारखाच, जिल्ह्यात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि शहरात असाल तर पोलीस आयुक्तांकडे.