माळ्यावरचे बिऱ्हाड

मराठी घरातला माळा मुळी माणसांसाठी नव्हताच. तिथे लाकूडफाटा, गोवऱ्या आणि जुनी भांडी राहत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि गावोगावचे तरुण चिंचवडला उतरले. खोल्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा माळेही भाड्याने गेले. तशाच एका माळ्यावर मीही राहिलो. रातपाळी करून आल्यावर तापल्या पत्र्याखाली दिवसा डोळा लागत नसे.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात उलटे झाले. कारखाने उठले, मोकळ्या मजल्यांवर चित्रकार राहू लागले. १९७१ साली नियमांनीही त्यांना मान्यता दिली. तिथे उद्योग गेला म्हणून माळ्याचे घर झाले, आमच्याकडे उद्योग आला म्हणून!

वाचकहो, आज कुणी ऐटीत ‘लॉफ्ट’ दाखवला, तर आधी ताठ उभे राहून पाहा, वारा कुठून येतो ते विचारा. आम्हांला विचारायची सोयच नव्हती.