दुसऱ्याच्या संगणकावर आपली अक्षरे

विकत घेतलेले यंत्र आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेणे ही माणसाची जुनी सवय आहे. शिलाई यंत्राला मागाहून मोटार बसवली जाते, सायकलला दुधाच्या कॅनसाठी कड्या लावल्या जातात. कारखान्याने त्याची कल्पना केलेली नसली तरी यंत्राचे भाग डोळ्यांना दिसतात, म्हणून कारागीर मार्ग काढतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते हाती पडते तेव्हा नुसत्या आकड्यांची रास असते. ज्या भाषेत ते लिहिले गेले ती मूळ प्रत कंपनीजवळच राहते. मग ज्याच्या लिपीचा त्या कंपनीने विचारच केलेला नाही, त्याने काय करावे? १९८० नंतरच्या दशकात हा प्रश्न भारतापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर कसे शोधले गेले, त्यातून काय साधले आणि काय निसटले, हे या लेखात पाहू.

पडद्यावरचे दोन हजार कप्पे

ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम. कंपनीने आपला पी.सी. बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे आणि अशा २५ ओळी, म्हणजे एकूण २,००० जागा असत. प्रत्येक जागेसाठी मेमरीत दोन बाइट राखलेले होते. पहिल्या बाइटमध्ये अक्षराचा संकेतांक आणि दुसऱ्यात त्याचा रंग किंवा ठळकपणा. प्रोग्रामने एका जागी ६५ हा आकडा लिहिला की पडद्याचे कार्ड आपल्या कायम मेमरीतील तक्ता पाही आणि तेथे इंग्रजी 'ए'चे चित्र काढी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अक्षर कसे दिसते याची प्रोग्रामला काहीच माहिती नसते. त्याला ठाऊक असतो तो फक्त आकडा. चित्र काढण्याचे काम दुसऱ्याच कोणाचे आहे. आपल्या पुढच्या सगळ्या कथेचे बीज या कामाच्या वाटणीत आहे.

एका बाइटमध्ये २५६ संकेत मावतात. त्यांपैकी पहिले १२८ इंग्रजीच्या 'आस्की' या प्रमाण संकेतावलीसाठी होते. उरलेल्या १२८ जागा युरोपीय भाषांतील अक्षरे, चौकटी आखण्याच्या रेषा आणि गणिती चिन्हे यांना दिल्या होत्या. देवनागरीला जागा नव्हती. शिवाय आय.बी.एम.च्या एकरंगी पडद्यावर एका अक्षराची चौकट ९ ठिपके रुंद आणि १४ ठिपके उंच होती. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढे सारे या चौकटीत कसे मावावे?

उघडी ठेवलेली दारे

सुदैवाने या यंत्राला दारे होती. आय.बी.एम.ने त्याची तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत विद्युत मंडलांचे आराखडे तर होतेच, पण यंत्राच्या मूलभूत प्रोग्रामची, म्हणजे 'बायोस'ची, संपूर्ण यादीही छापलेली होती. आत जादा कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या. आणि मेमरीच्या अगदी आरंभी १,०२४ बाइटचा एक तक्ता होता. कळ दाबली गेली, पडद्यावर काही लिहायचे आहे, अशी हाक आली की कोणत्या पत्त्यावर जायचे, हे त्यात नोंदलेले असे. चार बाइटचा एक असे २५६ पत्ते.

हा तक्ता शाळेच्या कार्यालयातील नोंदवहीसारखा समजावा. कोणत्या कामाला कोणाकडे जायचे हे शिपाई वहीत पाहतो. तेथे कोणी आपले नाव लिहून ठेवले, तर काम आधी त्याच्याकडे येईल. त्याने हवे ते करून उरलेले काम मूळ माणसाकडे पाठवले, तर शाळेचे काही अडत नाही. १९८४ मध्ये बोरलँड कंपनीने काढलेला 'साइडकिक' हा प्रोग्राम याच युक्तीवर चाले. मेमरीत दबा धरून बसायचे आणि ठरावीक कळा दाबल्या की चालू असलेल्या कोणत्याही प्रोग्रामवर वही किंवा गणकयंत्र उघडून दाखवायचे. त्या दुसऱ्या प्रोग्रामच्या कंपनीची परवानगी लागत नसे, आणि त्यातील एक आकडाही बदलावा लागत नसे.

खाचेच्या दाराने आत शिरलेले एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९८२ चे 'हर्क्युलस' कार्ड. ते वान सुवन्नुकुल या थायलंडच्या तरुणाने तयार केले. त्याला आपला प्रबंध पी.सी.वर थाई लिपीत लिहायचा होता आणि मिळणाऱ्या कार्डांवर ते जमत नव्हते. त्याच्या कार्डाने ७२० बाय ३४८ ठिपक्यांवर हवे ते चित्र काढता येऊ लागले. पुढे ते जगभर खपले, ते मात्र इंग्रजीतच काम करणाऱ्यांकडे. आलेख आणि मजकूर एकाच पडद्यावर सुबक दिसावेत ही त्यांची गरज त्यातून भागली होती.

कानपूरहून पुण्याला

भारतात आय.आय.टी. कानपूर येथे प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी १९७० नंतरच्या दशकापासून देवनागरी संगणकावर आणण्याच्या खटपटीत होते. १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात त्यांचा देवनागरी संगणक मांडला गेला. याच कामातून मोहन तांबे यांचे 'जिस्ट' तंत्र उभे राहिले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, तेव्हा हे तंत्र तेथे आले. सी-डॅकचे नाव निघाले की १९९१ चा 'परम ८०००' महासंगणक आठवतो. परंतु कार्यालयांतील सामान्य टेबलांपर्यंत पोचले ते जिस्ट कार्ड.

हे कार्ड पी.सी.च्या खाचेत बसवायचे. नंतर डीबेस, वर्डस्टार, लोटस असे अमेरिकेत तयार झालेले, भारतीय लिपीचा गंधही नसलेले प्रोग्राम नेहमीप्रमाणे चालू करायचे, आणि त्यांत मराठी लिहायचे. प्रोग्रामच्या दृष्टीने काहीच बदललेले नसे. तो पूर्वीसारखे आकडे घेई, साठवी आणि पडद्याच्या कप्प्यांत लिही. त्या आकड्यांतून अक्षर जुळवून काढण्याचे काम कार्डाने आपल्या अंगावर घेतले होते.

यासाठी आकड्यांची नीट योजना लागते. ती म्हणजे 'इस्की'. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. खालचे १२८ संकेत इंग्रजीसाठी जसेच्या तसे ठेवून वरच्या भागात भारतीय वर्ण बसवले गेले. येथे साठवायचे ते वर्ण, त्यांची चित्रे नव्हेत. 'कीर्तन' हा शब्द क, दीर्घ वेलांटी, र, हलन्त, त, न अशा सहा संकेतांनी लिहायचा. रफार कोठे चढवायचा हे पडद्याच्या बाजूने ठरवायचे. ब्राह्मीपासून निघालेल्या दहा लिपींची वर्णव्यवस्था मूलतः एकच असल्यामुळे एकच संकेतावली सर्वांना पुरली. मराठीत भरलेली नावांची यादी गुजराती किंवा कन्नड लिपीत दाखवणे त्यामुळे सोपे झाले.

कळफलकही याच विचाराने रचला गेला. 'इनस्क्रिप्ट' कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. क च्या कळेवर शिफ्ट दाबली की ख उमटतो. पहिलीतल्या मुलाला येणारी वर्णमाला हेच त्याचे व्याकरण.

युक्तीच्या मर्यादा

दुसऱ्याच्या घरात राहताना त्याच्या सवयी सांभाळाव्या लागतात. वर्डस्टार हा प्रोग्राम प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षरातील आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरी. इंग्रजीला सातच बिट लागत असल्याने त्याला तो बिट रिकामा वाटला. इस्कीचे सारे भारतीय वर्ण तर त्या आठव्या बिटावरच उभे! एकाच जागेवर दोघांचा हक्क. खुणा न करणारी दुसरी पद्धत वर्डस्टारमध्ये होती, पण ती निवडायची म्हणजे त्याच्या काही सोयी सोडायच्या.

डीबेसमध्ये नावासाठी दहा जागांचा रकाना ठेवला तर 'लक्ष्मीकांत' त्यात मावत नसे. आपल्याला हा शब्द चार अक्षरांचा वाटतो, पण हलन्त, वेलांटी, काना आणि अनुस्वार धरून त्याचे अकरा संकेत होतात. शेवटचा त गळून जाई. आणि प्रोग्रामची स्वतःची वाक्ये, म्हणजे आज्ञा, सूचना, चुकीचे इशारे, इंग्रजीतच राहत. ती प्रोग्रामच्या पोटात होती आणि तेथे कार्डाचा हात पोचत नव्हता.

विंडोज आणि फाँटांची भाऊगर्दी

१९९२ मध्ये विंडोज ३.१ आले, आणि पुढील काही वर्षांत पडद्याची व्यवस्थाच बदलली. दोन हजार कप्पे गेले. विंडोज स्वतःच प्रत्येक अक्षराचे चित्र काढू लागले. ज्या दारातून जिस्ट कार्ड आत शिरले होते ते दार बुजले. दार कोणी मुद्दाम बंद केले नव्हते. घरच नवे बांधले गेले होते.

नव्या घराला एक वेगळे दार होते. कोणीही आपला फाँट त्यात टाकू शके. तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट निघाले. छपाईचे काम झकास होऊ लागले आणि मराठी प्रकाशन व्यवसायाला त्याचा मोठा लाभ झाला. पण आता साठवले जात होते ते चित्रांचे तुकडे. अर्धा क, उभा काना, ऱ्हस्व वेलांटीचा आकडा असे सुटे भाग, आणि त्यांचे क्रमांक प्रत्येक कंपनीचे निराळे. तो फाँट नसेल तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जात असल्याने यादी अनुक्रमाने लावली की निकम, भिडे, शिंदे ही मंडळी एकत्र जमत आणि नाईक व भावे भलतीकडेच राहत.

त्या काळात टंकलिखित झालेला पुष्कळ मराठी मजकूर अशा संकेतांत अडकला. छापील प्रत आहे, संगणकाची फाइलही आहे, पण तीत एखादा शब्द शोधता येत नाही. प्रत्येक फाँटसाठी वेगळा रूपांतर-तक्ता लागतो. आमच्या मते या इतिहासातील खरी हानी ही आहे. जिस्टने दुसऱ्याच्या घरातही वर्ण साठवले होते, म्हणून ते मागाहून सहज हलवता आले. फाँटच्या युक्तीने दिसणे साधले, मात्र अर्थ साठवला नाही.

पायातच लिपी

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली गेली. कार्डासाठी केलेला विचार असा जागतिक मानकात जाऊन बसला. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय मूळ प्रणालीतच आली. त्यातील 'मंगल' हा फाँट प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखाटला होता. तरी बारकावे उरलेच. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. तो दाखवणाऱ्या अर्ध्या र साठी वेगळा नियम करावा लागला, कारण हिंदीला त्याची गरजच पडत नाही.

दारांचा प्रश्न मोबाइलवर पुन्हा आला. अँड्रॉइडने २००९ पासून, तर ॲपलने आयफोनवर २०१४ पासून, इतरांनी केलेले कळफलक बसवण्याची मुभा दिली. त्यामुळे मराठीसाठी अनेक कळफलक मिळू लागले. परंतु असा कळफलक आपण दाबलेली प्रत्येक कळ पाहत असतो. जुन्या नोंदवहीत नाव लिहिणाऱ्यालाही येणारा प्रत्येक निरोप दिसत असे. दुसऱ्याच्या प्रणालीत भर घालणाऱ्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी हे विद्यार्थ्यांना समजले पाहिजे.

वर्गात करून पाहण्याजोगे

कावळे, काळे, काशीकर ही तीन आडनावे निरनिराळ्या प्रोग्रामांत अनुक्रमाने लावून पाहावीत. संकेतांकांप्रमाणे ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी येतो, म्हणून काळे पहिले येतील. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर आहे, म्हणून काळे शेवटी यायला हवेत. कोणता प्रोग्राम कोणता क्रम देतो त्याचा तक्ता मुलांनी करावा. ज्याने क्रम चुकवला त्याला तो आपल्या बाजूने सुधारून घेता येतो का, त्यासाठी त्याने एखादे दार ठेवले आहे का, हेही शोधावे. शाळेची हजेरी, निकाल, ग्रंथालयाची यादी हे सारे आता कोणाच्या तरी तयार प्रोग्रामवर चालते. तो घेतानाच विचारावयाचा प्रश्न यातून मुलांच्या आणि आपल्याही ध्यानात येईल: उद्या हा प्रोग्राम बंद पडला, तर आपली नावे आपल्याला वाचता येतील अशा रूपात परत मिळतील ना?