फेकटाइम: एकाच प्रोग्रामला वेगळी तारीख कशी दाखवायची?

भोर-वेल्ह्याकडे (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) दुधाचा पगार दहा-दहा दिवसांनी होतो. शेवटचा हप्ता २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत. असा बिलाचा प्रोग्राम तपासताना मी आधी हे बघतो: २९ फेब्रुवारी २०२८ ला तो काय करेल? त्या दिवसाचं दूध बिलात आलं नाही, तर शेतकऱ्याचे पैसे बुडतात. आणि २०२८ पर्यंत थांबणं तर शक्य नाही!

कॉम्प्युटरचीच तारीख बदलली तर?
मग सगळंच बिघडतं. वेबसाइटचं सर्टिफिकेट मुदतीबाहेरचं वाटतं आणि ब्राउझर अडवतो. ऑथेंटिकेटर ॲपचा कोड साधारण दर ३० सेकंदांनी घड्याळावरूनच बनतो, तोही जुळत नाही.

फेकटाइम काय करतं?
लिनक्सवर प्रोग्राम सहसा सिस्टीमच्या लायब्ररीला वेळ विचारतो. 'लिबफेकटाइम' ही लायब्ररी मध्ये बसते आणि आपण दिलेली वेळ सांगते. खरं घड्याळ तसंच चालू राहतं. बाकीच्या प्रोग्रामना पत्ताही लागत नाही. उबंटूमध्ये 'फेकटाइम' नावाचं पॅकेज मिळतं. टर्मिनलवर आधी फेकटाइम, मग अवतरणात तारीख-वेळ आणि शेवटी प्रोग्रामचं नाव लिहायचं. त्या वेळेपासून प्रोग्रामचं घड्याळ पुढे चालतं.

कुठे चालत नाही?
प्रोग्राममध्ये लायब्ररी आतच जोडलेली असेल किंवा तो थेट कर्नलला वेळ विचारत असेल, तर उपयोग नाही. गो भाषेतले प्रोग्राम बहुतेक असेच. तारीख दुसऱ्या सर्व्हरवरून येत असेल, तरीही नाही.

मोबाइलवर?
अँड्रॉइडच्या सेटिंगमधली तारीख अख्ख्या फोनची असते. एकाच ॲपसाठी वेगळी देता येत नाही. गेममध्ये लाइफ मिळवायला तारीख पुढे ढकलली, तर व्हॉट्सॲप 'तारीख चुकीची आहे' म्हणून अडून बसतं. शिवाय बरेच गेम वेळ सर्व्हरवरूनच घेतात. म्हणून 'ऑटोमॅटिक डेट अँड टाइम' चालूच ठेवा. रेंज नसलेल्या वाडीतही फोनचं घड्याळ चालू राहतं. रेंज आली की ते नेटवर्कशी जुळतं.

या तारखा नक्की तपासा
• २९ फेब्रुवारी २०२८
• ३१ मार्चची रात्र: आर्थिक वर्ष बदलतं
• १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४:०७: यानंतर जुन्या ३२-बिट पद्धतीत सेकंदांची मोजणी मावत नाही