बटणांच्या फोनमधील जोडस्वर

डायलच्या फोनमध्ये आकडा म्हणजे तारेतील प्रवाहात पडणारे तेवढे खंड. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेतील बेल सिस्टिमने पेनसिल्व्हेनियातील कार्नेगी व ग्रीन्सबर्ग येथील ग्राहकांना बटणांचे फोन दिले. त्यात प्रत्येक बटण दोन स्वर एकदम वाजवते, एक आडव्या ओळीचा व एक उभ्या रांगेचा. १ साठी ६९७ व १२०९ हर्ट्झ, ५ साठी ७७० व १३३६. माणसाचे बोलणे यंत्राला आकडा वाटू नये, म्हणून ही जोडी. कोणताही स्वर दुसऱ्याच्या पूर्ण पटीत नाही, तोही याचसाठी.

पुढे हे स्वर ओळखणाऱ्या चिप आल्या. त्यांना कालमापनासाठी ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा स्फटिक लागतो. ही संख्या १९५३ च्या अमेरिकी रंगीत टीव्हीच्या मानकातली. टीव्हीमुळेच हे स्फटिक स्वस्त झाले.

विद्यार्थ्यांचे मंडल भलतेच आकडे दाखवत असेल, तर आधी स्फटिक पाहावा. त्याजागी ४ मेगाहर्ट्झचा असेल, तर चिपच्या अपेक्षित वारंवारता सुमारे १.११७ पट होतात. ६९७ चे ७७९, १२०९ चे १३५१. दीड टक्क्यापर्यंतचा फरक चिप चालवून घेते. म्हणून ५ दाबले की ती १ दाखवते! ९ दाबल्यास काय दिसेल, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे.