आडवी चौकट

कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंब्याच्या तळ्याकाठीं कोणी छायाचित्र टिपूं लागला, तर हातांतला मोबाईल तो नकळत आडवा धरतो. पाण्याचा विस्तार उभ्या चौकटींत मावत नाहीं. कृति क्षुल्लक खरी. परंतु चौकट उभी असावी कीं आडवी, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

आरंभीं हा निर्णय वस्तूनेंच दिला. ताडाचें पान लांब व अरुंद, म्हणून पोथी आडवी झाली. पुढें कागद आला तरी तिनें ती ठेवण सोडली नाहीं. चित्रकार मात्र स्वतंत्र होता. व्यक्तिचित्रास उभा आणि निसर्गदृश्यास आडवा फलक, ही त्याची रीत. इंग्रजींत पडद्याच्या दोन ठेवणींना आजहि त्याच चित्रप्रकारांचीं नांवें आहेत. शाहू छत्रपतींच्या आश्रयास असलेले आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) यांच्या निसर्गचित्रांनीं कोल्हापूरला या कलेंत मोठा लौकिक मिळवून दिला.

त्याच नगरींत बाबूराव पेंटर यांनीं १९१८ च्या सुमारास स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० मध्यें ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या काळच्या बोलपटपूर्व चित्रपटाची चौकट रुंदीस चार तर उंचीस तीन, अशी आडवी ठरलेली असे. येथें अधिकार यंत्राकडे गेला.

मोबाईलनें तो आज्ञावलीकडे दिला. यंत्रांतील त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो व त्याप्रमाणें पडदा फिरतो. पण अँड्रॉइडची आज्ञावली रचणारा ‘मॅनिफेस्ट’ नांवाच्या धारिकेंत ‘लँडस्केप’ असें नमूद करून पडदा कायमचा आडवा राखूं शकतो. चालू आज्ञावलींतूनहि हीच आज्ञा देतां येते. या कुलुपाचा मोह पडण्यास कारण आहे. मोबाईल फिरतांच अँड्रॉइड सामान्यतः चालू पडदा मोडून नवा उभारतो. जमलेली माहिती जपण्याची तजवीज नसेल, तर ती त्या क्षणीं नाहींशी होते. ही तजवीज करण्यापेक्षां पडदा जखडून टाकणें सोपें. चित्रपट किंवा खेळ यांना आडवी चौकट साजते. केवळ श्रम वांचविण्यासाठीं घातलेलें कुलूप मात्र वाचकाच्या सोयीवर घातलेलें असतें.

२०२५ मध्यें आलेल्या सोळाव्या अँड्रॉइडनें या अधिकाराला मर्यादा घातली. त्या आवृत्तीसाठीं रचलेल्या आज्ञावलींची अशी सक्ति मोठ्या पडद्यांवर मानली जात नाहीं. खेळांना अपवाद आहे. ताडपत्रानें दिलेला, यंत्रानें घेतलेला आणि आज्ञावलीनें बळकावलेला निर्णय असा पाहणाऱ्याच्या हातीं परत येऊं लागला आहे. कळंब्याच्या कांठीं मोबाईल आडवा करणारा मनुष्य तोच अधिकार बजावीत असतो.