एआरटी औषधांचे त्वचेवरील दुष्परिणाम (अहिल्यानगर जिल्हा)

एचआयव्हीविरोधी औषधांमुळे (एआरटी) अंगावर उठणारे पुरळ, नखांचा व कातडीचा बदलणारा रंग आणि कातडीखालची चरबी झडणे हे या नोंदीत येते. भारतात सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 पासून सुरू झाली आणि पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र होता. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) येथे त्याआधीपासून, 1989 मध्ये सुरू झालेली ‘स्नेहालय’ ही संस्था देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया व त्यांच्या मुलांसाठी काम करत होती. पुढे एचआयव्हीबाधित मुलेही तिच्या छत्राखाली आली.

सुरुवातीच्या गोळ्यांत त्वचेला सर्वाधिक त्रास दिला तो नेव्हिरापिनने. हे औषध घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण पंधरा ते वीस जणांना पुरळ येई, तेही बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत. म्हणून पहिले 14 दिवस 200 मिलिग्रॅमची एकच गोळी आणि नंतर दिवसाला दोन, असा क्रम होता. सात दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा एका गोळीपासून सुरुवात करावी लागे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात व हंगाम संपल्यावरच परततात. गोळ्या संपल्या आणि उसाच्या फडावरून एआरटी केंद्र गाठता आले नाही, तर असा खंड पडणे किती सोपे, हे वेगळे सांगायला नको.

बहुतेक पुरळ सौम्य असते. खाज येते, छाती-पाठीवर लालसर पुटकुळ्या दिसतात आणि औषध चालू ठेवूनही त्या ओसरतात. पण पुरळाबरोबर ताप, तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड, सोलणारी कातडी, सुजलेला चेहरा किंवा पिवळे डोळे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे स्टीव्हन्स-जॉन्सन आजाराचे किंवा यकृतावर परिणाम झाल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी डॉक्टर सर्व औषधे थांबवतात आणि दोषी ठरलेले औषध पुन्हा कधीच देत नाहीत. सौम्य पुरळात मात्र रुग्णाने आपल्या मनाने गोळ्या सोडणे फार घातक. नेव्हिरापिन रक्तात बरेच दिवस रेंगाळते, जोडीची औषधे लवकर संपतात; एकट्या पडलेल्या औषधाला विषाणू सहज दाद देईनासा होतो.

झिडोव्हुडिनने नखे काळवंडतात. नखाच्या मुळापासून टोकाकडे निळसर-तपकिरी उभे पट्टे उमटतात, बहुधा अंगठ्यापासून सुरुवात होते. सावळ्या वर्णाच्या लोकांत हे जास्त दिसते. यात धोका नाही. तरीही हात सर्वांना दिसतात, आणि ‘हे काय झालं?’ या प्रश्नाची भीती पट्ट्यांपेक्षा मोठी असते. स्टाव्हुडिनने केलेले नुकसान याहून खोल होते: गाल बसत, हातापायांच्या शिरा ठळक दिसत आणि तब्येत सुधारत असतानाही चेहरा खंगलेला वाटे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला. गेलेली चरबी मात्र पुरती भरून येत नाही.

प्रत्येक पुरळ एआरटीचेच नसते. न्यूमोनियापासून बचावासाठी दिल्या जाणाऱ्या कोट्रायमोक्साझोलनेही ते येते. प्रतिकारशक्ती परतू लागली की दबलेली नागीण उफाळते. याउलट एआरटीतल्याच अबाकाव्हिरची अ‍ॅलर्जी झालेल्याला ते पुन्हा दिल्यास जीवावर बेतू शकते.

आता टेनोफोव्हिर, लामिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी दिली जाते. तिने गंभीर पुरळ क्वचितच येते. जुन्या रुग्णांच्या हिरव्या पुस्तकात (एआरटीच्या नोंदवहीत) मात्र पूर्वी कोणत्या औषधाने काय झाले, हे लिहिलेले असायलाच हवे, म्हणजे दुसऱ्या गावच्या डॉक्टरच्या हातून तेच औषध पुन्हा दिले जात नाही. तोंडी सांगताना औषधाचे नाव विसरले जाते. ‘पिवळी गोळी’ एवढ्यावरून काही कळत नाही.