स्मृतिव्यवस्थापनातील कुलपांची व्याप्ती
संगणकाच्या परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीच्या वाटपाच्या ज्या नोंदी ठेवतो त्यांपैकी किती नोंदींचे संरक्षण एका कुलपाने करावयाचे, ती मर्यादा. अनेक प्रक्रियकांनी एकाच नोंदीत एकाच वेळी फेरफार केल्यास ती बिघडते. म्हणून फेरफार करणाऱ्याने आधी कुलूप घ्यावे व काम संपताच सोडावे, असा नियम असतो. कितीही प्रक्रियांना लागू पडणारी अशी परस्परवर्जनाची उकल डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली.

कुलूप मोठे असल्यास रचना सुलभ राहते, परंतु इतर प्रक्रियकांना ताटकळावे लागते. लहान कुलपांमुळे कामे समांतर चालतात. तथापि प्रत्येक कुलपास स्मृती व वेळ खर्ची पडतो आणि दोन प्रक्रियांनी दोन कुलपे उलटसुलट क्रमाने घेतल्यास त्या एकमेकींची वाट पाहत कायमच्या अडकतात. विदासंचयांच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये केले.

लिनक्स या प्रणालीच्या इतिहासात व्याप्ती क्रमाक्रमाने घटत गेल्याचे दिसते. १९९६ मधील २.० या आवृत्तीत बहुप्रक्रियक यंत्रांची सोय झाली, तेव्हा संपूर्ण गाभ्यास ‘बिग कर्नल लॉक’ हे एकच कुलूप होते. त्याचा वापर हळूहळू कमी करण्यात येऊन २०११ मध्ये ते पूर्णपणे काढून टाकण्यात आले.

स्मृतीच्या बाबतीत प्रत्येक प्रक्रियेच्या स्मृतिनकाशास एक कुलूप असे. ते अनेक वाचकांना एकत्र घेता येते, लेखकास मात्र एकट्यानेच घ्यावे लागते. त्यामुळे अनेक थ्रेड असलेल्या प्रक्रियेत एका थ्रेडने नवे क्षेत्र मागितले की हजर नसलेले पृष्ठ मागणारे बाकीचे थ्रेड थांबून राहत. पृष्ठतक्त्यांचे कुलूप २००६ मधील २.६.१५ या आवृत्तीत विभागले गेले व तक्त्याच्या प्रत्येक पृष्ठास स्वतंत्र कुलूप मिळाले. मात्र चार वा अधिक प्रक्रियकांसाठी बांधलेल्या गाभ्यापुरतेच, कारण लहान यंत्रांवर त्याचा खर्च लाभाहून अधिक ठरला असता.

स्मृतिनकाशाचे कुलूप मात्र दीर्घकाळ अविभक्त राहिले. जून २०२३ मधील ६.४ या आवृत्तीत नकाशातील प्रत्येक क्षेत्रास वेगळे कुलूप देण्यात आले. त्यायोगे पृष्ठ मागणारा थ्रेड केवळ आपल्या क्षेत्राचे कुलूप घेतो. ते न मिळाल्यास जुन्या मोठ्या कुलपाकडे वळतो. पुढील महिन्यातच एक दोष उघडकीस आला. प्रक्रियेची प्रत काढताना मोठे कुलूप घेतले जाई, परंतु क्षेत्रांची कुलपे घेतली जात नसत. परिणामी दुसरा थ्रेड मध्येच पृष्ठ बदलू शके व स्मृतीतील मजकूर बिघडे. ही सोय काही काळ बंद ठेवावी लागली. प्रत काढतेवेळी प्रत्येक क्षेत्रास कुलूप घालण्याची दुरुस्ती झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली.

यावरून व्याप्तीची निवड केवळ वेगाची नसते, हे स्पष्ट होते. मोठे कुलूप आपल्या नेमून दिलेल्या कामाखेरीज इतरही अनेक नोंदींचे न सांगता रक्षण करीत असते. ते विभागताना त्या सर्वांची मोजदाद न झाल्यास मिळालेल्या वेगाची किंमत चुकीच्या उत्तरांच्या रूपाने मोजावी लागते.